रेकॉर्डिंग चालू असताना संगणक अचानक बंद पडत असेल, तर दोष कसा शोधावा

रेकॉर्डिंगच्या मध्यावर संगणक कोसळला की पहिली धाव दोष शोधण्याकडे जाते, परंतु आधी वाचवायचा असतो तो टेक, म्हणजे त्या वेळी रेकॉर्ड झालेला आवाज. दोष उद्याही सापडेल. गायलेली ओळ मात्र पुन्हा तशीच उतरेल याची खात्री नसते. म्हणून संगणक पुन्हा सुरू झाल्यावर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी प्रोजेक्टचा संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्यावा. सॉफ्टवेअर स्वतःहून ‘रिकव्हरी’ देऊ करते तेव्हा ती अवश्य स्वीकारावी, मात्र हाताशी कॉपी असल्याखेरीज नव्हे. प्रोजेक्टमधील न वापरलेल्या फाइली काढून टाकण्याची आज्ञा तर या काळात मुळीच देऊ नये, कारण अर्धवट राहिलेला टेक सॉफ्टवेअरच्या दृष्टीने बहुधा ‘न वापरलेला’च असतो.

अर्धवट टेकची वेव्ह फाइल उघडली असता तिची लांबी शून्य सेकंद दिसते आणि अनेक जण निराश होऊन ती पुसून टाकतात. प्रत्यक्षात आवाज डिस्कवर सतत लिहिला जात असतो. फाइलच्या सुरुवातीच्या भागातील लांबीची नोंद मात्र अनेक सॉफ्टवेअर रेकॉर्डिंग थांबवल्यावरच पूर्ण करतात, आणि संगणक कोसळला की तेवढी नोंद राहून जाते. म्हणून लांबी पाहू नये, फाइलचा आकार पाहावा. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ अशा मोनो (एका चॅनलच्या) रेकॉर्डिंगला दर सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात, म्हणजे मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट. पाच मिनिटांचे गाणे रेकॉर्ड होत होते आणि फाइल ४० मेगाबाइटच्या आसपास आहे, तर आवाज जवळजवळ पूर्ण शाबूत आहे असे समजावे.

अशी फाइल ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रॉ डेटा’ म्हणून आयात करता येते. तेथे रेकॉर्डिंगच्या वेळचेच बिट, तोच सॅम्पल रेट आणि तेवढेच चॅनल निवडावेत, बाइटचा क्रम ‘लिटल-एंडियन’ ठेवावा आणि सुरुवातीला किती बाइट सोडायचे त्या चौकटीत ४४ हा आकडा भरावा, कारण साध्या वेव्ह फाइलचे शीर्षक (सुरुवातीचा नोंदींचा भाग, हेडर) तेवढेच असते. नुसता खरखराट ऐकू आला, तर ४५ आणि मग ४६ भरून पाहावे. २४ बिटच्या मोनो फाइलमध्ये प्रत्येक नमुना (सॅम्पल) तीन बाइटांचा असतो, त्यामुळे शीर्षक कितीही लांब असले तरी या तीनपैकी एका आकड्याला नमुन्यांची जुळणी होतेच. सुरुवातीला एखादा बारीक ठोका आला, तर तो कापून टाकावा. हा प्रयोग करताना हेडफोन कानावरून काढून आवाज अगदी कमी ठेवावा, कारण जुळणी चुकली की पूर्ण पातळीचा गोंगाट कानावर आदळतो.

कोसळण्याची तऱ्हा

टेक सुरक्षित झाला की प्रश्न एवढाच असतो, की नेमके काय कोसळले? या प्रश्नाचे नीट उत्तर मिळण्यापूर्वीच ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) बदलणे, विंडोज नव्याने बसवणे किंवा रॅम विकत घेणे यात वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात. संगणक कोणत्या तऱ्हेने कोसळतो, यावरून दोष कोणत्या थरात आहे हे बऱ्याच अंशी कळते, आणि पुढचा सगळा शोध त्यावरच उभा राहतो.

रेकॉर्डिंगमध्ये टकटक, खरखर किंवा क्षणभराची पोकळी येणे हा क्रॅश नव्हे. बफरमधील (आवाजाच्या तात्पुरत्या साठ्यातील) आवाज संपण्यापूर्वी प्रोसेसरला पुढचा तुकडा तयार करता आला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंदांहून थोडा कमी अवधी. तो २५६ किंवा ५१२ केला की संगणकाला दुप्पट-चौपट उसंत मिळते. बफर वाढवल्याने खरखर थांबते, पण निळा पडदा (विंडोज कोसळल्याचा त्रुटीचा पडदा) सहसा थांबत नाही, आणि या दोन तक्रारींची गल्लत केल्याने लोक कित्येक दिवस बफरच्याच आकड्यांशी झगडत राहतात.

केवळ रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर नाहीसे होऊन बाकीचा संगणक नीट चालत राहिला, तर संशय प्लगइनवर (इफेक्ट किंवा वाद्ये पुरवणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरवर), त्या प्रोजेक्टवर किंवा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या सेटिंगवर घ्यावा. संपूर्ण पडदा गोठला किंवा त्रुटीचा संदेश असलेला पडदा आला, तर ड्रायव्हर, रॅम किंवा प्रोसेसर यांच्याकडे पाहावे. कोणताही संदेश न येता, दिवा विझावा तसा संगणक बंद झाला, तर वीजपुरवठा आणि उष्णता यांपासून सुरुवात करावी. पडदा गोठलेला असताना कॅप्स लॉक दाबून कीबोर्डवरचा दिवा बदलतो का, हे पाहणे उपयोगी असते: दिवा बदलत असेल तर प्रणाली अद्याप जिवंत आहे आणि दोन-चार मिनिटे थांबल्यास सॉफ्टवेअर सावरण्याची शक्यता असते. आवाजाचा एकच छोटा तुकडा अखंड घुमत राहिला आणि दिवाही बदलेना, तर बफरमध्ये नवा आवाज भरणारे कोणी उरलेले नाही. अशा वेळी पॉवरचे बटण दाबून धरण्यावाचून इलाज नसतो.

संगणकाने स्वतः ठेवलेली नोंद

विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नावाचा एक भाग असतो, तो शोधचौकटीतून उघडता येतो. प्रत्येक दिवशी काय कोसळले आणि त्याच सुमारास कोणता ड्रायव्हर किंवा अपडेट बसला, हे तो एकाच तक्त्यावर दाखवतो. गेल्या महिन्यापर्यंत सगळे सुरळीत होते आणि एका तारखेपासून लाल फुल्या सुरू झाल्या असतील, तर त्या तारखेला काय बसले हे आधी पाहावे. माझ्या मते सामान्य वापरकर्त्यासाठी विंडोजमधील हे सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन आहे.

अधिक तपशील ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये मिळतो. तेथे ‘सिस्टम’ या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर’ची ४१ क्रमांकाची नोंद दिसली की अनेक जण लगेच पॉवर सप्लाय बदलायला निघतात, परंतु संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती नोंद सांगते, कारण सांगत नाही. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ (निळ्या पडद्याचा त्रुटी-क्रमांक) शून्य असेल, तर निळ्या पडद्याची नोंद होण्याआधीच सगळे थांबले असे समजावे आणि वीज, उष्णता किंवा पूर्ण गोठणे या दिशेने जावे. ‘ॲप्लिकेशन’ या नोंदवहीतील १००० क्रमांकाच्या नोंदीत कोसळलेल्या सॉफ्टवेअरचे नाव आणि ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ अशी ओळ असते. त्या ओळीत एखाद्या प्लगइनचे नाव आले, तर अर्धे काम झाले. विंडोजच्याच एखाद्या मूलभूत फाइलचे नाव आले, तर त्यावरून काहीच ठरवू नये, कारण चूक दुसऱ्याने करावी आणि ती तिच्या दारात उघडकीस यावी, असे तेथे वारंवार घडते.

मॅकवर ‘कन्सोल’ हे ॲप उघडून क्रॅश रिपोर्ट पाहावेत. त्यात ‘क्रॅश्ड’ असा शेरा असलेल्या थ्रेडखालच्या ओळींत प्लगइनचे किंवा त्याच्या निर्मात्याचे नाव पुष्कळदा सरळ वाचता येते. लिनक्सवर सिस्टमच्या जर्नलमधून मागच्या बूटच्या शेवटच्या काही ओळी काढाव्यात.

यांत्रिक नोंदीच्या जोडीला एक साधी वही ठेवावी. क्रॅशची वेळ, तेव्हा रेकॉर्डिंग चालू होते की नुसते ऐकणे, कोणत्या प्लगइनची खिडकी उघडी होती, संगणक किती वेळ चालू होता, एवढे लिहिले तरी पुरते. दोन-तीन क्रॅशनंतर त्या वहीत एखादा सारखेपणा दिसू लागतो, आणि केवळ आठवणीवर भिस्त ठेवल्यास तो हाती लागत नाही. दुरुस्तीचा प्रत्येक प्रयत्नही याच वहीत लिहावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एका संध्याकाळी तीन ड्रायव्हर, बफर आणि यूएसबी केबल असे सगळे बदलले आणि क्रॅश थांबले, तर ते कशामुळे थांबले हे कळणार नाही आणि पुन्हा सुरू झाले की शोध पहिल्यापासून करावा लागेल.

सॉफ्टवेअर एकटेच कोसळते तेव्हा

एक नवा, रिकामा प्रोजेक्ट उघडावा, त्यात एकही प्लगइन न लावता एक-दोन ट्रॅकवर अर्धा-पाऊण तास नुसती शांतता रेकॉर्ड होऊ द्यावी. हा प्रयोग कंटाळवाणा आहे, पण त्याच्याइतका निवाडा दुसरा कोणताही प्रयोग देत नाही. रिकामा प्रोजेक्टही कोसळला, तर प्लगइन निर्दोष ठरतात आणि ड्रायव्हर किंवा यंत्राकडे वळावे लागते. रिकामा प्रोजेक्ट टिकला आणि जुना कोसळला, तर गुन्हेगार जुन्या प्रोजेक्टमध्येच बसलेला आहे.

जुना प्रोजेक्ट उघडतानाच सॉफ्टवेअर बंद पडत असेल, तर प्लगइन न जागवता तो उघडण्याची सोय वापरावी. रीपरमध्ये प्रोजेक्ट उघडण्याच्या खिडकीतच सर्व इफेक्ट ऑफलाइन ठेवून उघडण्याची निवड असते. क्यूबेस सुरू होताना कंट्रोल, शिफ्ट आणि आल्ट या तिन्ही कळा एकत्र दाबून धरल्या की सेफ मोडचा पर्याय समोर येतो. प्रोजेक्ट उघडला की निम्मे प्लगइन चालू करून पाहावेत. क्रॅश झाला तर दोष त्या निम्म्यात, न झाला तर उरलेल्यात. मग त्या निम्म्याचे पुन्हा निम्मे करावे. प्लगइन चाळीस असले तरी पाच-सहा फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येते. एकेक प्लगइन काढून पाहण्याची पद्धत प्रामाणिक असली तरी तिच्यात दिवस जातो.

दोषी प्लगइन सापडला की त्याची नवी आवृत्ती बसवावी, आणि क्रॅश नव्या आवृत्तीपासूनच सुरू झाले असतील तर जुनी परत आणावी. ३२ बिटचे जुने प्लगइन ६४ बिटच्या सॉफ्टवेअरमध्ये मधल्या पुलावरून चालवले जातात आणि तो पूल अनेकदा डळमळीत असतो. अशा प्लगइनचा आवाज कितीही आवडता असला, तरी त्या ट्रॅकची ऑडिओ फाइल करून प्लगइन काढून टाकणे मला शहाणपणाचे वाटते. रीपर आणि बिटविग यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालवता येतात. त्यामुळे प्रोसेसरवर थोडा अधिक भार येतो, परंतु प्लगइन कोसळला तरी रेकॉर्डिंग चालू राहते, आणि ज्याला दुसऱ्याचे गाणे रेकॉर्ड करायचे आहे त्याच्यासाठी हा सौदा फायद्याचाच आहे.

प्लगइनची खिडकी उघडताना किंवा हलवतानाच क्रॅश होत असेल, तर आवाजाचा त्यात काही संबंध नसण्याची शक्यता मोठी असते. अनेक प्लगइन आपले चित्र ग्राफिक्स कार्डाकडून काढून घेतात, म्हणून ग्राफिक्स ड्रायव्हर बदलून पाहावा आणि प्लगइनच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स प्रवेगाचा पर्याय असल्यास तो बंद करावा.

संपूर्ण संगणक गोठतो किंवा निळा पडदा येतो तेव्हा

निळ्या पडद्यावरचा, आणि विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत काळ्या पडद्यावरचा, त्रुटीचा शब्दसमूह फोनवर टिपून घ्यावा. ‘डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन’ म्हणजे एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसरला नेमून दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ अडवून धरले. ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ म्हणजे ड्रायव्हरने नको त्या वेळी नको त्या स्मृतीला हात लावला; तेथे बहुधा फाइलचे नावही दिलेले असते. ‘मेमरी मॅनेजमेंट’ आला तर रॅमची तपासणी करावी, आणि ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’ आला तर प्रोसेसरने स्वतःच यंत्रातील दोषाची वर्दी दिली आहे असे समजावे.

ऑडिओ इंटरफेसचा (माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचा) ड्रायव्हर त्याच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. जुन्या इंटरफेसचे, विकून टाकलेल्या मिक्सरचे आणि कधी काळी बसवलेल्या ‘एसिओफॉरऑल’सारख्या सर्वसाधारण ड्रायव्हरचे अवशेष काढून टाकावेत, मग नवा ड्रायव्हर बसवून संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. येथे ‘शट डाउन’ पुरत नाही. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असले की शट डाउन करतानाही प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उठवली जाते. बिघडलेला ड्रायव्हर त्या स्थितीबरोबर जसाच्या तसा उठतो. स्टुडिओच्या संगणकावर फास्ट स्टार्टअप बंदच ठेवलेले बरे.

कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो, हे पाहण्यासाठी ‘लेटन्सीमॉन’ हे सॉफ्टवेअर विंडोजवर प्रचलित आहे. त्यात वाय-फाय, ब्लूटूथ किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचे नाव वर आले, तर ते उपकरण ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून तात्पुरते निष्क्रिय करून पुन्हा रेकॉर्डिंगचा प्रयोग करावा.

रॅमचा संशय असल्यास ‘मेमटेस्ट८६’ पेनड्राइव्हवरून बूट करून रात्रभर चालू द्यावे. एकही चूक दाखवली गेली तरी ती रॅम विश्वासाची नाही. चूक दिसल्यास आधी बायोसमधील (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधील) ‘एक्सएमपी’ ही रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग बंद करून रॅमचा मूळ वेग ठेवावा, पुन्हा तपासावे, आणि तरीही चूक आली तर एकेक पट्टी लावून कोणती सदोष आहे ते ठरवावे. मोठ्या सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांचे संग्रह) रॅमचा कोपरा न् कोपरा भरतात, त्यामुळे इतर कामांत कधीच न दिसलेला दोष वाद्यवृंदाचा प्रोजेक्ट उघडताच प्रकट होतो.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट वेगळी पाहावी. या पिढ्यांतील काही प्रोसेसर व्होल्टेजच्या दोषामुळे कालांतराने अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतले सॉफ्टवेअर) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मदरबोर्डच्या निर्मात्याचा नवा बायोस बसवल्यास पुढची हानी टळते; परंतु आधी झालेली हानी भरून निघत नाही, तेव्हा प्रोसेसर वॉरंटीत बदलून घ्यावा लागतो.

वीज आणि उष्णता

पंख्याचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून संगणक कपाटात ठेवणे, टेबलाखाली गाद्यांमागे सरकवणे किंवा लॅपटॉपवर जाड कापड टाकणे, हे घरच्या रेकॉर्डिंगमध्ये सर्रास चालते, आणि पहिल्या तासात सगळे ठीक असून नंतर संगणक विझतो, याचे कारण बहुतेकदा तेथेच असते. आजचे प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आधी आपला वेग उतरवतात आणि तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र वाचवण्यासाठी संगणक बंद करतात. ‘एचडब्ल्यूइन्फो’सारखे सॉफ्टवेअर तापमानाची नोंद फाइलमध्ये लिहित राहते, क्रॅशनंतर त्या फाइलची शेवटची ओळ वाचावी. धूळ काढणे, हवेचा मार्ग मोकळा करणे आणि जुन्या यंत्रात थर्मल पेस्ट नव्याने लावणे हे उपाय स्वस्त आहेत. आवाज टाळायचा असेल तर संगणक झाकण्याऐवजी माइक दूर न्यावा आणि त्याची पाठ संगणकाकडे करावी. कार्डिऑइड माइक पाठीमागून येणारा आवाज सर्वांत कमी घेतो.

तापमान नीट असूनही संगणक विझत असेल, तर वेगळ्या सॉकेटवर, चांगल्या यूपीएसवर आणि शक्य असल्यास उसन्या पॉवर सप्लायवर चालवून पाहावा. लॅपटॉप असल्यास क्षमतेला पुरेसा पडणारा मूळ ॲडॉप्टरच वापरावा.

यूएसबीवर चालणाऱ्या इंटरफेसची कहाणी थोडी निराळी आहे. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिॲम्पियर आणि यूएसबी ३ चा पोर्ट ९०० मिलिॲम्पियर करंट देण्यास बांधलेला असतो. एकाच स्वस्त हबवर इंटरफेस, बाहेरची हार्ड डिस्क आणि कीबोर्ड लावून वर ४८ व्होल्टची फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) चालू केली, की इंटरफेस क्षणभर तुटतो आणि काही सॉफ्टवेअर त्या धक्क्यातून सावरत नाहीत. क्रॅशच्या आधी उपकरण काढल्याची विंडोजची धून ऐकू आली असेल, तर नेमके हेच घडले आहे. इंटरफेस थेट संगणकाच्या पोर्टात, आखूड आणि चांगल्या केबलने लावावा, हब लागणारच असेल तर स्वतंत्र वीजपुरवठ्याचा घ्यावा, आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे.

डिस्कबद्दल थोडक्यात. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’मध्ये डिस्कची तब्येत ‘कॉशन’ दिसली तर त्याच दिवशी सर्व प्रोजेक्ट दुसरीकडे हलवावेत. रेकॉर्डिंग चालू असलेला फोल्डर क्लाउड सिंकच्या कक्षेबाहेर ठेवावा. बाहेरची डिस्क एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल तिच्यावर लिहिताच येत नाही, आणि लांब मैफलीचे रेकॉर्डिंग तेथे हमखास अडते.

दोष सापडला असे वाटल्यावर नेहमीचाच, सर्वांत जड प्रोजेक्ट उघडून, नेहमीच्याच बफरवर, सर्व ट्रॅक रेकॉर्डला लावून किमान दोन तास चालू द्यावा, आणि जो क्रॅश एरवी दिवसाआड येत असे त्याची आठवडाभर वाट पाहावी. एवढे करूनही क्रॅश टिकून राहिला, तर प्लगइनच्या किंवा इंटरफेसच्या निर्मात्याला लिहिताना क्रॅशची फाइल, सॉफ्टवेअरच्या व ड्रायव्हरच्या नेमक्या आवृत्त्या, आणि क्रॅश हमखास घडवून आणणारा लहानात लहान प्रोजेक्ट सोबत जोडावा. तोवर महत्त्वाच्या गायनाच्या वेळी इंटरफेसच्या जास्तीच्या आउटपुटमधून एक वायर स्वतंत्र हँडहेल्ड रेकॉर्डरला द्यावी आणि तो बॅटरीवर चालवावा. मात्र ते आउटपुट इंटरफेसच्या थेट मॉनिटरिंगमधून येत असल्याची खात्री आधीच करून घ्यावी, म्हणजे सॉफ्टवेअर कोसळले तरी रेकॉर्डरकडे जाणारा आवाज खंडित होणार नाही.